रिकाम्या फाईलमधला संगणक



बेंगळुरूत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या कितीतरी मराठी घरांत लॅपटॉप एकच असतो. त्यातच बाबांची कामं, आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो आणि इंजिनिअरिंगला असलेल्या ताईचा अभ्यास. ताईला लिनक्स मुळापासून शिकायचंय आणि घरच्यांना धास्ती, "फोटो उडाले तर?" धास्ती खोटी नाही. नवी सिस्टीम टाकताना चुकीची डिस्क निवडली, तर जुनं सगळं पुसलं जाऊ शकतं.

यावर उपाय म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारा आभासी संगणक. त्याची हार्ड डिस्क म्हणजे एक साधी फाईल. बिघडली की डिलीट करा, नवी बनवा. अशा फाईल्स तयार मिळतात. पण स्वतः बनवली, की संगणक सुरू कसा होतो ते नीट कळतं.

आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये तयार लिनक्स टाका आणि पुढचे प्रयोग त्याच्या आतच करा. म्हणजे डिस्कचं नाव चुकलं, तरी खऱ्या लॅपटॉपला धक्का लागणार नाही.

१. 'ट्रंकेट' कमांडने ४ जीबीची रिकामी फाईल बनवा. गंमत म्हणजे सुरुवातीला ती डिस्कवर जवळजवळ जागाच घेत नाही.

२. 'एफडिस्क'ने तिच्यात एक कप्पा, म्हणजे पार्टिशन, पाडा. जुन्या बायोस पद्धतीत पहिल्या ५१२ बाइट्समध्ये सगळं ठरतं: ४४६ बाइट्स सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ कप्प्यांच्या नोंदीला आणि शेवटच्या २ बाइट्सची खूण.

३. 'लूप डिव्हाइस' वापरून ही फाईल डिस्कसारखी जोडा आणि कप्पा फॉरमॅट करा.

४. 'डीबूटस्ट्रॅप'ने त्यात डेबियनची मूळ सिस्टीम भरा. कर्नल मात्र वेगळा टाकावा लागतो. पासवर्ड ठरवायलाही विसरू नका.

५. शेवटी 'ग्रब' बसवा. इथे सावध राहा. डिस्क म्हणून आपल्या लूप डिव्हाइसचंच नाव द्या.

आता 'क्यूएमू' या प्रोग्रॅमला ती फाईल द्या. बायोस ग्रबला उठवतो, ग्रब कर्नलला, कर्नल बाकीच्या सिस्टीमला. रिले शर्यतीसारखंच! बूट होणारी डिस्क नाही असा संदेश आला, तर पहिल्याच हातातून काठी पडली. कर्नल सुरू होऊन मूळ कप्पा सापडत नाही म्हणाला, तर चूक पुढच्या टप्प्यात शोधा.

हे शहर अशा खटाटोपाला सरावलेलं आहे. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी २००१च्या सुमारास 'सिम्प्युटर' हा हातात मावणारा संगणक पुढे आणला. तोही लिनक्सवरच चालायचा. बाजारात तो फारसा टिकला नाही. पण सिस्टीम आतून ठाऊक असली, की आपल्या गरजेचं यंत्र आपण घडवू शकतो, हे त्याने दाखवून दिलं.

म्हणून ताईला अडवू नका. फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि तिला तिची ४ जीबीची फाईल देऊन टाका. ती दहा वेळा मोडू दे. अकराव्यांदा काळ्या पडद्यावर 'लॉगिन' उमटेल, तेव्हा ते का उमटलं हे ती तुम्हालाही समजावून सांगेल.

भेटू पुढच्या भागात!