स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे



'मालिकेतला स्वस्त फोन दोन वर्षांत अडगळीत जातो' हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. मे २०२४ मध्ये आलेल्या पिक्सेल ८ए या स्वस्त फोनमध्ये त्याच मालिकेतल्या महागड्या पिक्सेल ८ प्रोचाच टेन्सर जी३ प्रोसेसर आहे. सात वर्षे अपडेट देण्याची हमीही सारखीच. भारतात आले तेव्हा किंमत मात्र अनुक्रमे ५२,९९९ आणि १,०६,९९९ रुपये! ८एची पाठ प्लास्टिकची, पडद्याभोवतीची काळी कड जाड. प्रोमध्ये पाचपट झूमची वेगळी लेन्स. लांबच्या फांदीवरचा पक्षी टिपणाऱ्याने प्रो जरूर घ्यावा. पण व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय आणि घरच्यांचे फोटो एवढ्यासाठी दुपटीच्या हप्त्यांचे ओझे कशाला? फोन घेताना आधी अपडेटची मुदत पाहा, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सातारा