सोळा आण्यांचे कोडे



आमच्या कोयनानगरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, की जुलै महिन्यात इथे दाराबाहेर पाऊल टाकले की माणूस भिजलाच. अशाच एका रविवारी, कराडला कॉम्प्युटरचे शिक्षण घेणारा माझा पुतण्या घरी आला आणि पिशवीतून एक अंककोडे काढून बसला. शब्दकोड्यात आडवे-उभे शब्द बसवतात, तशा यात आडव्या-उभ्या संख्या बसवायच्या. बाकीचे कोडे त्याने तीन दिवस खपून सोडवले होते, पण चार घरांचा एक कोपरा काही केल्या सुटत नव्हता. शेजारी त्याची धाकटी बहीण. यंदा नववीत आहे. "गणित आपल्या घराण्यातच नाही," असे ती हल्ली वारंवार म्हणते. हे वाक्य तिने कुणाकडून उचलले? माझ्याकडूनच.

त्याचे कारण सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका संगणक वर्गाला जात असे. तिथे एके दिवशी फळ्यावर "हेक्साडेसिमल" असा शब्द लिहिला गेला आणि शिकवणारे आमच्या रांगेकडे पाहून म्हणाले, "कॉमर्सवाल्यांनी हे सोडून दिले तरी चालेल." आम्ही निमूटपणे सोडून दिले. हात वर करून एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडले असते? पण नाही विचारला. बी.कॉम. झालेला, दिवसभर आकडे लिहिणारा माणूस, त्या एका शब्दाला वीस वर्षे बिचकून राहिला. आणि पुतण्याचे हे कोडे नेमके त्याच हिशेबातले निघाले!

हा हिशेब असा. आपण नेहमी दहापर्यंत मोजतो आणि हातचा घेतो. यात सोळापर्यंत मोजून हातचा घ्यायचा. नवापर्यंत आकडे आपलेच. पुढे दहाला ए, अकराला बी, बाराला सी, तेराला डी, चौदाला ई आणि पंधराला एफ. सोळा झाले की एकावर शून्य.

पुतण्या हे बहिणीला समजावत होता. कोपऱ्यात माझी थोरली आत्या वाती वळत बसली होती. वय ८० च्या पुढे, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, आजही कागदावर अंगठा उठवते. ती म्हणाली, "सोळा झालं की हातचा एक? मग आणंच की रं ते!"

आम्ही तिघेही तिच्याकडे बघत राहिलो.

नव्या पिढीसाठी सांगतो. १ एप्रिल १९५७ पर्यंत रुपयाचे १०० पैसे नव्हते. रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते. शेरातही १६ छटाक. आत्या तेव्हा तेरा-चौदा वर्षांची, आईबरोबर डोक्यावरून लाकडाच्या मोळ्या विकायला जायची. आईला हिशेब येत नसे, म्हणून पोरीने तो तोंडी शिकून घेतला. नये पैसे आले तेव्हाची तिची एक तक्रार आजही ताजी आहे. एका आण्याचे ६ नये पैसे ठरले आणि चार आण्यांचे २५. म्हणजे एकेक आण्याची वस्तू चारदा विकली तर हाती २४ च यायचे. "एक पैसा कुठं गेला, कुणी सांगंना," असे ती म्हणते. कुठे गेला ते तिला चांगले ठाऊक आहे!

आता कोड्याकडे येऊ. पेन्सिल घ्या, मुलांना जवळ बसवा. चार घरे काढा, वर दोन, खाली दोन. वरची आडवी संख्या कुठल्यातरी संख्येचा वर्ग आहे. खालची आडवी १७ च्या पटीतली आहे. डावीकडची उभी ७ च्या पटीतली असून विषम आहे. उजवीकडची उभी १५ च्या पटीतली आहे. कुठलीही संख्या शून्याने सुरू होत नाही, आणि सगळा कारभार सोळाचा.

पुतण्या प्रत्येक संख्या दहाच्या हिशेबात आणून गुणाकार करत बसला होता, म्हणून दमला होता. आत्याने सरळ रुपये-आणे धरले. पहिले घर रुपयांचे, दुसरे आण्यांचे. सतरा आणे म्हणजे एक रुपया एक आणा. त्याची दुप्पट दोन रुपये दोन आणे, तिप्पट तीन रुपये तीन आणे. म्हणजे खालच्या ओळीत दोन्ही घरांत एकच अंक! १७ चा पाढा म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही.

पंधरा आणे म्हणजे रुपयाला एक आणा कमी. पाच वेळा पंधरा आणे म्हणजे पाच रुपयांना पाच आणे कमी, म्हणजे चार रुपये अकरा आणे. चार आणि अकरा पंधरा. सात वेळा घ्या, सहा रुपये नऊ आणे. बेरीज पुन्हा पंधराच. म्हणून उजवीकडच्या दोन घरांची बेरीज पंधरा असणार.

राहिला वर्ग. हे काम पोरीने हाती घेतले आणि एकेक वर्गाचे रुपये-आणे करून वहीत लिहिले. पंचवीस म्हणजे एक रुपया नऊ आणे, छत्तीस म्हणजे दोन रुपये चार आणे, एकोणपन्नास म्हणजे तीन रुपये एक आणा. पंधराच्या वर्गापर्यंत गेल्यावर तीच म्हणाली, "काका, आण्यांच्या जागी फक्त शून्य, एक, चार आणि नऊच येतात." अगदी खरे! आपल्या नेहमीच्या हिशेबात वर्गाच्या शेवटी ५ आणि ६ सुद्धा येतात, इथे त्यांना मज्जाव. कोडे एका फटक्यात आवळले गेले.

वरचा उजवा अंक शून्य चालत नाही, कारण उजवी उभी संख्या त्यानेच सुरू होते. उरले एक, चार, नऊ. पुतण्याने एक घेतला. मग त्याच्याखाली चौदा, शेजारीही चौदा, आणि वर ई-१, म्हणजे चौदा रुपये एक आणा, २२५, पंधराचा वर्ग. डावीकडे ई-ई, म्हणजे २३८, सात चौतीस २३८. सगळे बसले! तो टाळी द्यायला हात पुढे करतो तोच बहीण म्हणाली, "दादा, विषम लिहिलंय. २३८ सम आहे." तीन दिवस त्याच्या नजरेतून तो एक शब्द निसटला होता.

नऊ घेतला तर खाली सहा येतो, तोही सम. राहिला चार. चाराखाली अकरा, शेजारी अकरा. चार आण्यांवर संपणारे वर्ग दोन रुपये चार आणे, सहा रुपये चार आणे आणि बारा रुपये चार आणे. म्हणजे डावीकडे ४३, १०७ किंवा २०३. सातने भाग जातो तो फक्त २०३ ला. वर सी-४, खाली बी-बी. कोपरा सुटला.

कॉम्प्युटरला हा हिशेब का लागतो, हेही पुतण्याने सांगितले. त्या यंत्राला शून्य आणि एक एवढेच कळते. असे चार शून्य-एक मिळून सोळा प्रकार होतात, म्हणून त्या चौघांना एका खुणेत बांधतात. आपल्या मोबाईलमधल्या "क" या अक्षराचाही असाच क्रमांक आहे, ०९१५.

संख्यांचा हा नाद आपल्या मातीला नवा नाही. डहाणूला १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत साधे शाळामास्तर होते. ६१७४ ही संख्या आज जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला नि:शेष भाग जातो, त्या संख्येला त्यांनी "हर्षद" म्हटले, म्हणजे आनंद देणारी. आता गंमत पाहा. आमच्या कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसी, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असते. १०५ च्या अंकांची बेरीज ६, आणि सहाने १०५ ला भाग जात नाही. म्हणजे हर्षद नाही. पण आत्याच्या हिशेबात १०५ आणे म्हणजे सहा रुपये नऊ आणे. सहा आणि नऊ पंधरा, आणि पंधरा साते १०५. तिथे ती हर्षद! धरण तेच, पाणी तेच.

हे मी आत्याला सांगितले. तिने वात वळता वळता विचारले, "मग मोळीचं सहा रुपयं नऊ आणं कुणी दिलं आस्तं रं?"

पोरगी त्या रात्री वही मिटायला तयार नव्हती. जाण्यापूर्वी तिने वाचकांसाठी एक कोडे काढून दिले, ते तसेच देतो. दहाच्या हिशेबातली दोन अंकी एक संख्या सोळाच्या हिशेबात लिहिली की तिचेच अंक उलटे होतात. अशी संख्या एकच आहे. ती कोणती, आणि एकच का, तेही लिहा. उत्तर पुढील अंकात.