फुकटची टेकडी

रस्ता रुंद करायचा ठरला की तो कुणाच्या तरी अंगावरून जाणार, हे उघड आहे. प्रश्न एवढाच की कुणाच्या? दुकानावरून न्यावा तर दुकानदार न्यायालयात जातो. बंगल्यावरून न्यावा तर बंगलेवाला मंत्र्याच्या दारात उभा राहतो. शेतातून न्यावा तर शेतकरी भावासाठी हटून बसतो, आणि त्याने बसावेच. मग उरते काय? उरते बाग, उरते टेकडी, उरतो ओढ्याचा काठ. त्यांना ना भाव, ना वकील, ना मतदारयादीत नाव. नकाशावर ती जागा हिरव्या रंगाने भरलेली असते. आखणी करणाऱ्याच्या डोळ्यांना ती 'मोकळी' दिसते. बागांतून आणि टेकड्यांवरून रस्ते जातात, ते तिथून जाणे अधिक सोयीचे म्हणून जातात असे मला वाटत नाही. तिथून जाणे फुकट पडते, म्हणून जातात. या लेखात मला एवढेच सांगायचे आहे, आणि ते मी पुण्याच्या वेताळ टेकडीचे उदाहरण घेऊन सांगणार आहे.

सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीची इमारत आहे. तिथून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या अंगावरून सुमारे दोन किलोमीटर लांबीचा आणि तीस मीटर रुंदीचा रस्ता न्यावा, असा पुणे महानगरपालिकेचा बेत आहे. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी त्यामुळे सुटेल, असे सांगितले जाते. बेत जुना आहे. कधी तो कपाटात गेला, कधी बाहेर आला, न्यायालयातही पोहोचला. २०२३ साली त्याने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा वेताळ टेकडी बचाव कृती समितीच्या हाकेला ओ देऊन एप्रिलच्या उन्हात हजारो पुणेकर रस्त्यावर उतरले. त्यांत रोज पहाटे टेकडी चढणारे पेन्शनर होते, कॉलेजातली पोरे होती, कडेवर मूल घेतलेल्या बायका होत्या. सर्वांवर एकच शिक्का मारण्यात आला: हे विकासाचे विरोधक!

कुणी विचारील, हिवरे बाजारच्या शाळामास्तराने पुण्याच्या टेकडीत कशाला नाक खुपसावे? उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो, त्या लिहाव्यात! पण वाचकहो, बिनमालकाच्या टेकडीचे काय होते, हे आमच्या गावाइतके कुणी भोगलेले नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावाभोवतीचे डोंगर डोक्यावरून वस्तरा फिरवल्यासारखे दिसत. डोंगर सरकारचा, म्हणजे कुणाचाच नाही. म्हणून ज्याला सरपण हवे त्याने झाड तोडले, ज्याला चारा हवा त्याने बकरी सोडली. एकेकट्याचा हिशेब अगदी चोख होता. सगळ्या गावाचा मिळून बुडाला. पाऊस पडे, तो माती घेऊन वाहून जाई. विहिरी कोरड्या पडत आणि माणसे मजुरीसाठी गाव सोडत.

पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले आणि पुढच्या काही वर्षांत गावाने स्वतःवर बंधने घालून घेतली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी, श्रमदान ही पंचसूत्री आता महाराष्ट्राला पाठ आहे. डोंगरावर समपातळीतले चर खणले, झाडे लावली, बंधारे घातले. पुढे शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत आणि ऊस लावायचा नाही हेही ठरले. दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो, आणि किती पाणी आहे ते पाहून कोणती पिके घ्यायची ते ठरते. पाऊस अजूनही चारशे मिलिमीटरच्या आसपासच पडतो. ढगांनी आमच्यावर काही विशेष मेहेरबानी केलेली नाही. फरक पडला तो डोंगराच्या हिशेबात. डोंगर फुकट नाही, हे गावाला कळले.

हे फुकटात कळले नाही, हेही सांगितले पाहिजे. चराई बंद झाली तेव्हा ज्याच्या दारात दहा शेळ्या आणि नावावर गुंठाभर जमीन, त्याला सर्वांत जास्त सोसावे लागले. बंधनाची किंमत असते, आणि ती बहुधा गरीब माणूस आधी देतो. तेव्हा आमच्या वाडीवस्तीवरच्या शेळीवाल्याने डोंगरासाठी जे सोडले, ते मोटारवाल्याने टेकडीसाठी दहा मिनिटे सोडावीत, असे म्हटले तर त्यात अन्याय कोणता?

टेकडीचा उपयोग काय, हा प्रश्नही आमच्या ओळखीचा आहे. पुण्याखाली आणि आमच्याखाली एकच काळा पाषाण पसरला आहे. तो स्पंजासारखा पाणी शोषत नाही. त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून पाणी हळूहळू खाली उतरते. हे उतरणे चालू राहायचे तर वर माती हवी, मुळे हवीत, गवत हवे. टेकडी कापून तीस मीटर डांबर पसरले की त्या पट्ट्यातले पाणी जिरायचे थांबते आणि गटारात धावू लागते. पावसाळ्यात खालच्या वस्तीत पाणी शिरते, उन्हाळ्यात त्याच वस्तीत टँकर शिरतो. दोन्ही खर्च रस्त्याच्या अंदाजपत्रकात धरलेले नसतात. टेकडी फुकट वाटते ती अशा अर्धवट जमाखर्चामुळे.

आता कोंडीचा मुद्दा. कोंडी खोटी नाही. रुग्णवाहिका अडकते, पोर शाळेत उशिरा पोहोचते, हे मी नाकारीत नाही. पण रस्ता रुंद केला की कोंडी सुटते, हा सिद्धांत जगभर तपासून झाला आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने केटी महामार्ग रुंद करीत काही भागात सव्वीस पदरांपर्यंत नेला. ते काम २००८ साली पुरे झाले, आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पूर्वीपेक्षा लांबला. जागा झाली म्हणून मोटारी वाढल्या, इतकी ती साधी गोष्ट आहे. ताटाची रुंदी वाढवून कुणाची भूक कमी झाल्याचे मी ऐकलेले नाही. आपल्या केंद्र सरकारचे २००६ सालचे शहरी वाहतुकीचे राष्ट्रीय धोरणही हेच सांगते की माणसे हलवा, वाहने हलवणे हे ध्येय नव्हे. पौड फाट्याच्या अंगाने २०२२ सालापासून मेट्रो धावते आहे. तिच्यापर्यंत पोचायला धड पदपथ द्या, वेळेवर बस द्या, रस्त्यावर फुकट उभ्या राहणाऱ्या मोटारींना भाडे लावा. एवढे करून पाहिल्यावर टेकडीकडे बोट दाखवा. आधी घरातला पसारा आवरावा, मग शेजाऱ्याची भिंत पाडण्याची भाषा करावी.

विरोध करणाऱ्यांना हसण्याची रीतही जुनी आणि जागतिक आहे. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअर नावाची बाग आहे. तिच्या मधून मोठा रस्ता न्यायचा बेत रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याने केला होता. शर्ली हेज, जेन जेकब्स आणि मुलांना त्या बागेत खेळायला नेणाऱ्या बायका त्याला आडव्या आल्या. बेत तर बारगळलाच, वर १९५८ साली बागेतून आधीपासून जाणारी वाहतूकसुद्धा बंद झाली. न्यूयॉर्कचे काय बिघडले? शहर जागच्या जागी आहे, आणि बागही.

झाडे तोडली तर बदली झाडे लावू, असे आश्वासन प्रत्येक वेळी मिळते. महाराष्ट्राच्या वृक्षसंवर्धन कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावायची, असा नियम आला. ऐकायला गोड आहे. साठ वर्षांच्या झाडाबदली साठ रोपे! पण शाळामास्तराला विचारा. साठ वर्षांच्या अनुभवी माणसाच्या जागी पहिलीच्या वर्गातली साठ पोरे उभी केली, तर बेरीज साठच होते. काम होते का? शिवाय रोप लावण्याचा फोटो एका दिवसात निघतो. त्याला तीन उन्हाळे पाणी घालताना कुणी फोटोवाला येत नाही. आम्ही ते पाणी घातले आहे, म्हणून बोलतो.

रस्ता वळवता येतच नाही, हे म्हणणेही टिकत नाही. मिरज तालुक्यातल्या भोसे गावी रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या वाटेत सुमारे चारशे वर्षांचा वड आला. २०२० साली गावकरी आणि वृक्षप्रेमी त्याच्यासाठी उभे राहिले. राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना पत्र लिहिले आणि आखणी बदलली. पुढे २०२२ साली तो वड कोसळला, तेव्हा काही शहाणे म्हणाले, "बघा, अखेर पडलाच!" पडणारच. आजीही एक दिवस जाणार असते. म्हणून कुणी तिला आधीच घराबाहेर काढीत नाही. भोशाने आपल्याला एक गोष्ट शिकवली: मनात आले की महामार्गसुद्धा वळतो.

आमच्या जिल्ह्याला २०२४ सालापासून अहिल्यादेवींचे नाव मिळाले आहे. त्या बाईंनी देशभर घाट बांधले, विहिरी आणि बारवा खोदल्या, वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्याही कितीतरी आधी अशोकाने आपल्या स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे आणि विहिरी खणल्याचे अभिमानाने नोंदवले. सावली आणि पाणी हा रस्त्याचाच भाग, अशी या देशाची समजूत होती. सावली कापून आणि पाणी आटवून रस्ता करायचा, ही समजूत आपली, अलीकडची.

माझी मागणी लहान आहे. रस्ता आखताना टेकडीच्या नावापुढे शून्य लिहू नका. तिथे जिरणाऱ्या पाण्याची, पडणाऱ्या सावलीची, पहाटे चालणाऱ्या फुप्फुसांची किंमत मांडा. तो ताळेबंद आमच्या ग्रामसभेसारखा भर सभेत वाचून दाखवा आणि मग लोकांचा हात वर घ्या. हजार-बाराशे वस्तीचे खेडे हे करू शकते. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहराला ते जमणार नसेल, तर त्या शहराने आमच्या शाळेत येऊन बेरीज-वजाबाकी शिकावी. प्रवेश खुला आहे, आणि फी माफ.