वाडा त्यांचा, वाडा आमचा

घर घ्यायचं तर गावाच्या पोटात घ्या, असं मी गेलं वर्षभर जालन्यातल्या पोरांना सांगतोय आणि पोरं मला हसतायत. त्यांचं म्हणणं सरळ आहे. बायपासकडं एन. ए. प्लॉट पडलेत, रस्ता तीस फुटी आहे, बँक कर्ज देते, शेजारी आपलीच माणसं आहेत. मग त्या पडक्या मातीच्या भिंतीत, जिथं ॲम्ब्युलन्ससुद्धा वळत नाही अशा बोळात कशापायी मरायला जायचं? एकजण तर म्हणाला, भाऊ, तुला वाड्याची हौस आलीय. बामणाचा वाडा घेतला की तूही ओसरीवर बसून सुपारी कातरशील.

हौस नाही दोस्तहो. वाड्याच्या आठवणींवर गळा काढणारे लेख रविवारच्या पुरवण्यांत मीही वाचतो. चौकातलं तुळशीवृंदावन, आजीचा फोडणीचा वास, सागवानी खांबाला टेकून ऐकलेल्या गोष्टी. या लेखांत एक गोष्ट कधीच येत नाही. त्या वाड्याची पांढरी माती कुणी डोक्यावर वाहिली, जोत्याचा दगड कुणी फोडला, मागल्या दारानं मेलेलं ढोर कुणी ओढून नेलं, यातलं काहीच येत नाही. माझा बाप मोंढ्यात हमाल होता. जुन्या जालन्यातल्या कितीतरी घरांची बळदं त्यानं ज्वारीनं भरली. पण ढाळजेच्या पुढं त्याचा पाय गेला तो पाठीवर पोतं असतानाच. पोतं उतरलं की बाप बाहेर. पोत्याला विटाळ नव्हता, पोत्याखालच्या माणसाला होता.

भाषेची गंमत बघा. त्यांच्या घराला वाडा म्हणतात आणि आमच्या वस्तीलाही वाडाच म्हणायचे. महारवाडा, मांगवाडा. शब्द एकच, पण एकात पन्नास खणांत एक कुटुंब राहायचं आणि दुसऱ्यात पन्नास कुटुंबांना मिळून तेवढी जागा नसायची. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. समतानगर, भीमनगर अशी नावं सुचवली. बरं झालं, पोरांच्या दाखल्यावरचा पत्ता तरी सुधारला. पण पाटी बदलली म्हणून वस्ती जागची हलत नाही.

जालन्याचा नकाशा डोळ्यापुढं आणा. मधून कुंडलिका नदी. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद, सदर बाजार, म्हणजे नवा जालना. नवा म्हणायचा, पण तोही निजामाच्या काळातला. मस्तगड बांधला १७२५ साली. रेल्वे आली १९०० साली. कापूस आला, जिनिंग आल्या, मोंढा फुगला. १९४८ च्या १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य गेलं. १९६४ साली बियाण्याची कंपनी निघाली, मागाहून लोखंडाच्या रोलिंग मिल आल्या. १ मे १९८१ ला औरंगाबादेतून फुटून जिल्हा झाला. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलीय. पाळणा सोन्याचा होता, यात वाद नाही. दोरी ओढणाऱ्याला त्यात कधी झोपायला मिळालं नाही, एवढंच.

आता नीट ऐका, कारण इथंच आपली पोरं फसतायत. इतकी वर्षं पैसा गावाच्या पोटात होता आणि आपण गावकुसाबाहेर होतो. आता पैसा गावाच्या पोटातून बाहेर निघालाय. शेठ, सावकार, वकील, डॉक्टर यांच्या पोरांना गाडी लावायला जागा पाहिजे, बाग पाहिजे, गेट पाहिजे. ती बाहेर बंगल्यात गेली. वाड्याला कुलूप लागलं. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, ड्रायपोर्टची बोली झाली, २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, आणि ज्या माळावर कुत्रं जात नव्हतं तिथं दलाल मोटारी घेऊन फिरायला लागले. म्हणजे गावकुसच फिरलं की नाही? काल बाहेर म्हणजे नरक होता, म्हणून बाहेर आपण होतो. आज बाहेर म्हणजे सोनं झालं, तर उद्या तिथून कोण उठणार? ज्याच्याकडं कागद नाही तो उठणार. आणि कागद कुणाकडं नाही, हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?

आपली अर्धी घरं सरकारी भाषेत अतिक्रमण आहेत. गायरान कसणाऱ्यांची तीच गोष्ट. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, हजारो माणसं तुरुंगात गेली. त्यानंतर किती वर्षं गेली बघा, १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलित-आदिवासींची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायचा आदेश निघाला तो नोव्हेंबर १९९१ मध्ये. आणि आजही तलाठ्याकडं हेलपाटे घालणारी माणसं माझ्या ओळखीत आहेत. जन्मभर ज्या जागेवर राहिलो ती जागा आपली आहे हे सिद्ध करण्यात दुसरा जन्म जातो. जुन्या गावातल्या घराला निदान सिटी सर्वेचं पी. आर. कार्ड असतं. त्या एका कागदासाठी मी मातीची भिंत सहन करायला तयार आहे.

आता माझा अनुभव. मी चार घरं बघितली. गल्ल्यांची नि माणसांची नावं इथं मुद्दाम लिहीत नाही.

पहिलं घर जुन्या जालन्यातलं. तीन खणांचं, माळवदाचं, परसात आड. भाव ठरला, इसाराची रक्कम ठरली. मालकानं आडनाव विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्याला अंदाज येईना. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या बाजूला, ते विचारलं. मी म्हणलं, नदीच्या खालच्या अंगाला. त्याला कळलं. दोन दिवसांनी दलालाचा फोन आला, घरच्यांचा विचार बदलला. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ते घर अजून विकलेलं नाही. मागच्या पावसात त्याचं मागलं माळवद खाली आलं. भिंत पडली तर पडू द्या, सागवान कुजलं तर कुजू द्या, पण त्या चौकात आमच्या बाईचं लुगडं वाळत पडलेलं दिसता कामा नये! याला म्हणतात वारसा जपणं.

दुसऱ्या घराचा मालक द्यायला तयार होता. फक्त ‘तुमच्यासाठी’ भाव वेगळा. का, तर आजूबाजूचे नाराज होतील, त्यांची नाराजी त्याला सोसावी लागेल. म्हणजे जातीयवाद शेजाऱ्यांचा आणि त्याचं बिल माझ्या नावावर. तिसऱ्या घरात आधीच दोन भावांचा कोर्टात दावा चालू निघाला, ते मी सोडलं.

चौथं कादराबादेतलं. मालक मुसलमान, रिटायर्ड माणूस. त्यानं ढाळजेत बसवलं, चहा पाजला आणि लोखंडी पेटी उघडून निजामाच्या वेळचे उर्दू कागद पुढं ठेवले. आडनाव विचारलंच नाही. पण वारस अकरा. बहिणींचा हिस्सा त्यांच्यात पहिल्यापासून असतो, आणि चार बहिणी चार गावांत. त्या व्यवहारात मी अजून आहे. आठ सह्या झाल्यात.

असा नकार फक्त जालन्यात मिळतो असं नाही. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत २०१२ साली सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाड्याच्या घरांची तपासणी केली. सवर्ण नावाच्या माणसाला घर सहज मिळालं. दलिताला अनेकदा थेट नकार मिळाला किंवा अटी घातल्या गेल्या, आणि मुसलमानाला त्याहून जास्त नकार मिळाले. १९७२ साली ज्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पोरांनी नाव घेतलं, तिथली कथा तर डोळे उघडणारी आहे. १९३० च्या दशकात तिथं सरकारी नकाशे निघाले. काळ्यांच्या वस्त्या लाल रंगानं रंगवल्या. तिथल्या घराला कर्ज द्यायला सगळे बिचकायचे. गोरे शहराच्या मध्यातून उठून उपनगरांत गेले, काळे पडक्या घरांत कोंडले गेले. ब्लॅक पँथरच्या दहा कलमी कार्यक्रमात चौथं कलम घराचं होतं, ते उगाच नाही. मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला आणि आठवडाभरात, एप्रिल १९६८ मध्ये, घरविक्रीतला भेदभाव बंद करणारा कायदा झाला. पुढं गोऱ्यांच्याच पोरांना शहराच्या मध्यावरच्या जुन्या घरांची आठवण आली, भाव चढले, आणि जे काळे भाडेकरू होते त्यांना उठावं लागलं. ज्यांच्या नावावर घर होतं त्यांना निदान भाव तरी करता आला. म्हणून म्हणतो, आज कुलूप लागलेल्या वाड्यांकडं बघा. आणखी वीस वर्षांनी याच वाड्यांत हॉटेलं निघतील आणि आपली पोरं तिथं पुन्हा भांडी घासतील.

कायदा आपल्याकडंही आहे. अस्पृश्यता गुन्हे कायदा १९५५ चा, १९७६ साली त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याचं कलम ४ वाचा. कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधायला, मिळवायला किंवा तिथं राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणं गुन्हा आहे. कलम १२ प्रमाणं असं कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडलं, तर ते अस्पृश्यतेपायीच घडलं असं कोर्टानं धरायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी समोरच्याची. शिक्षा? एक ते सहा महिने कैद आणि दंड शंभर ते पाचशे रुपये. पाचशे रुपयांत आज गवंड्याची एक दिवसाची मजुरी होत नाही! आणि ‘घरच्यांचा विचार बदलला’ या वाक्यावर कुठला फौजदार गुन्हा लिहून घेईल? म्हणून दलालाचं बोलणं, मेसेज, ठरलेला भाव, सगळं जपून ठेवा. मी पहिल्या वेळी तोंडी व्यवहारातच होतो, हातात काही नव्हतं.

आता जी हरकत मला खरी वाटते तिच्याकडं येतो. माझा एक मित्र आहे, चळवळीत माझ्यापेक्षा जुना. तो म्हणतो, एकटं घर म्हणजे खैरलांजी. सप्टेंबर २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली, तेव्हा त्यांच्या बाजूनं उभं राहील एवढी वस्ती तिथं नव्हती. तो पुढं म्हणतो, बाबासाहेबांच्या हयातीत जुलै १९४२ च्या नागपूरच्या परिषदेनं स्वतंत्र वसाहतींचा ठराव केला, तू आम्हाला उलटं काय शिकवतोस?

त्याचं भय मी खोटं म्हणणार नाही. पण १९७८ आठवा. विधिमंडळानं नामांतराचा ठराव केला आणि जुलै-ऑगस्टमध्ये मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटल्या. जाळणाऱ्याला कुणाला पत्ता विचारावा लागला का? वस्ती वेगळी होती, एका टोकाला होती, काडी लावायला सोयीची होती. आपण एकत्र होतो म्हणून लढलो हे खरं, आणि आपण वेगळे होतो म्हणून सापडलो हेही खरं. शिवाय नागपूरचा ठराव होता स्वतंत्र गावांचा, ज्यांना स्वतःची जमीन असेल अशा गावांचा. सवर्णांच्या गावाला चिकटलेल्या, त्यांच्याच पाण्यावर नि मजुरीवर जगणाऱ्या वस्तीचा नव्हता. आणि १९१७ साली बडोद्यात ज्या माणसाला राहायला खोली मिळाली नाही, पारशांच्या वसतिगृहातून काठ्या दाखवून काढलं गेलं, त्या माणसानं पुढं ग्रंथांसाठी घर बांधलं ते कुठं? दादरच्या हिंदू कॉलनीत. परळच्या चाळीतली आपली माणसं त्यांनी सोडली नाहीत, पण घर बांधलं ते तिथं.

म्हणून एकट्यानं जाऊ नका. पाच जण जा. मोठ्या वाड्याला एक गिऱ्हाईक मिळत नाही, म्हणून तो पडून राहतो. पाच नोकरदार घरांनी मिळून सामाईक खरेदीखत करावं, नंतर रीतसर वाटणी करून कार्डावर वेगळी नावं लावून घ्यावीत. मातीच्या घराला बँक कमी कर्ज देते, तेव्हा हातात रोकड जास्त लागते, हे आधीच धरून चला. वारसांची यादी तपासा. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू घरातल्या मुलींचाही वडिलोपार्जित घरात मुलाइतकाच हिस्सा आहे, भावाच्या एकट्याच्या सहीवर जाऊ नका. जागा इनामाची किंवा वक्फची नाही ना, ते बघा. शेजारची भिंत सामाईक आहे का, रस्तारुंदीत किती जातंय, ते महापालिकेत विचारा. एकट्यानंच छोटं घर घेत असाल तर ते बायकोच्या किंवा आईच्या एकटीच्या नावावर घ्या. एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, आणि सूट नसती तरी तसंच घ्या म्हणलं असतं. आणि परसात आड असेल तर भावात घासाघीस जरा कमी करा. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागं पळालेली जालन्याची माणसं हे समजून घेतील.

उर्दू आणि मोडी वाचणारे दोन म्हातारे माझ्या ओळखीचे आहेत. पैसे घेत नाहीत, चहा घेतात. ज्यांच्याकडं कागद असतील त्यांनी येताना मूळ कागद आणू नये, झेरॉक्स आणावी.