खोडरबरने वाचलेला पेंटियम

घरात माळ्यावर एक सीपीयू पडलाय ना? घेतला तेव्हा पांढराशुभ्र, आता कटिंग चहाच्या रंगाचा. दादाच्या इंजिनीअरिंगच्या वेळी असेम्बल करून घेतलेला. रोड रॅश, विनॅम्प, डायल-अपची ती खरखर... सगळं त्याच्यावरच झालं. आणि आता दर दिवाळीच्या साफसफाईत आई विचारते, ‘भंगारवाल्याला देऊन टाकू?’

थांबा. आधी त्याचं झाकण तर उघडा!

जुने डेस्कटॉप दुरुस्त करून चालते ठेवणं हा एक झकास छंद आहे, आणि सध्या त्याला कच्च्या मालाची कमी नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे चौथ्या-सहाव्या पिढीची धडधाकट मशीन्स एका तारखेला म्हातारी ठरली. खुर्चीवरून उठवलेली, पण तब्येत ठणठणीत!

सुरुवात कशी करायची? खोडरबरने. हसू नका, गल्लीतला प्रत्येक कॉम्प्युटरवाला हेच करतो. मशीन चालू होतं, स्क्रीन काळाच, आणि आतून लांब बीप-बीप येत राहतं? बहुतेक वेळा रॅमची तक्रार असते. प्लग काढा, रॅमची पट्टी काढा, सोनेरी कडा खोडरबरने हलकेच घासा, स्लॉटमधली धूळ ब्रशने झटका आणि पट्टी परत बसवा. दोन्ही बाजूंचा ‘खट्’ ऐकू यायला हवा. वर्षानुवर्षं साचलेला मळ निघतो, संपर्क जुळतो, बस्स.

दुसरा नेहमीचा संशयित म्हणजे बटणासारखा सेल. सीआर२०३२, तीन व्होल्ट. तो संपला की मशीनची तारीख मागे जाते, कधी थेट २००३ च्या एक जानेवारीला. मग ब्राउझर प्रत्येक साइटला ‘असुरक्षित’ म्हणून हाकलतो, कारण साइटचं सर्टिफिकेट तो तारखेवरूनही तपासतो. लोक विंडोज पुन्हा टाकत बसतात, आणि औषध असतं दोन-तीन वडापावच्या किमतीचं.

खरा मामला कपॅसिटरचा. १९९९ ते २००७ च्या सुमारास बनलेल्या बऱ्याच मदरबोर्डांवर खराब द्रावणाचे कपॅसिटर बसले. त्यांची डोकी पुरीसारखी फुगतात, कधी तपकिरी रस गळतो, आणि मशीन मनात येईल तेव्हा रिस्टार्ट होतं. सोल्डरिंगचा हात असेल तर बदलता येतात. मायक्रोफॅरॅड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ डिग्रीचे लो-ईएसआर, आणि प्लस-मायनस नीट बघून. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली आहेच. एसएमपीएस आणि जुना जाडजूड सीआरटी मॉनिटर मात्र उघडायचा नाही. प्लग काढल्यावरही आत करंट साठून असतो. इथे शहाणपणा नको, प्लीज.

पण एवढा खटाटोप कशासाठी? ओळखीतल्या एका डीटीपीवाल्या काकांचं उदाहरण घ्या. त्यांच्या पेंटियम ४ वर वीसेक वर्षांचे दिवाळी अंक, स्मरणिका, लग्नपत्रिका आहेत, सगळ्या पेजमेकरमध्ये. फॉण्ट युनिकोडच्या आधीचे. या फॉण्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. नव्या मशीनवर तो फॉण्ट नसला की ‘महाराष्ट्र’च्या जागी डॉलर, पर्सेंट आणि कंसांची खिचडी! कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं घोटाळा करतात, पानाची मांडणी नव्याने करावी लागते आणि प्रूफ माणसानेच वाचावं लागतं. वर त्यांच्या सॉफ्टवेअरचं डोंगल पॅरलल पोर्टला लागतं, जो आजच्या बोर्डांवर सहसा नसतोच. ते मशीन गेलं तर अंकांच्या छापील प्रती उरतील, पण फाइली असून नसल्यासारख्या.

म्हणून काकांकडे आधी हार्ड डिस्कला हात घातला. आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टर लावून तिची अख्खी प्रत काढली, मग कपॅसिटर. हा क्रम चुकवायचा नाही. मशीनवर एक्सपी आहे, त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, त्यामुळे नेटची केबल काढून टाकली. प्रिंटरपुरतं ते राज्य करतं.

रोजच्या वापराला मात्र पेंटियम ४ घेऊ नका. तो हट्ट आहे, छंद नाही. तीन गिगाहर्ट्झच्या प्रेस्कॉटचं रेटिंग ८९ वॉट, तर २०२३ च्या इंटेल एन१०० चं सहा. शिवाय बत्तीस-बिटवाल्यांचे दिवस भरलेत. डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणं बंद केलं. २००६ नंतरचा कोअर टू ड्युओ किंवा पुढचं काही शोधा, चार जीबी रॅम, साटा एसएसडी आणि लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती. एसएसडीने जो फरक पडतो ना, तो बघून आईसुद्धा भंगारवाल्याचं नाव काढणार नाही. मेल, एक्सेलसारख्या शीट्स, मराठी टायपिंग, नाट्यसंगीत... आरामात.

अजून एक. उघडताना निघालेले स्क्रू एकाच डबीत टाकू नका. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे, सीडी ड्राइव्हचे बारीक. दिसतात सारखेच, पण उलटे बसवायला गेलात तर आटे जातात आणि मग ड्राइव्ह रबरबँडने बांधावा लागतो. तसे बांधलेलेही बरेच पाहिलेत. चालतात म्हणा.