लाल पट्टा आणि शेअर ऑटो



गणेशोत्सवात आपल्या मुलांनी तायक्वांदोचं प्रात्यक्षिक केलं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. चौथीतल्या एका चिमुरडीने एका लाथेत फळी तोडली आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. नंतर प्रसादाच्या रांगेत एका काकूंनी मला गाठलं.

"तूही शिकतेस ना गं हे? आमच्या नातीला घालायचं म्हणतोय. खरं सांग, रस्त्यावर वेळ आली तर याचा उपयोग होतो का?"

मी हातातला द्रोण सावरत म्हटलं, "होतो ना काकू, बिनधास्त घाला." मागे रांग खोळंबली होती, विषय तिथेच संपला. पण घरी येताना सारखं वाटत राहिलं की आपण काकूंना निम्मंच उत्तर दिलं. उरलेलं निम्मं आज लिहिते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मला नुकताच लाल पट्टा मिळाला होता. तायक्वांदोत पांढऱ्यापासून सुरुवात होते, मग पिवळा, हिरवा, निळा, लाल आणि शेवटी काळा. म्हणजे मी काळ्याच्या उंबरठ्यावर. त्या रात्री हायटेक सिटीतून निघायला उशीर झाला, कॅबवाल्यांनी तीनदा राइड रद्द केली, म्हणून कोत्तागुड्याहून शेअर ऑटो पकडली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उतरले, तर शेजारी बसलेला माणूसही उतरला. दहा पावलं चालले असेन, तोच त्याने मागून माझं मनगट धरलं.

आणि मी उभी राहिले. नुसती उभी. चार वर्षं आठवड्यातून तीन दिवस मारलेल्या लाथांपैकी एकही आठवली नाही. खांद्यावर लॅपटॉपची बॅग, पायात सँडल, गळ्यात ओढणी, आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे. त्याने ओढलं तेव्हा मी चक्क दोन पावलं त्याच्याबरोबर गेले. मग कुठून कोण जाणे, पोटातून एक आवाज निघाला. लाथ मारताना आम्ही जो ओरडा देतो, त्याला कोरियन भाषेत 'किहाप' म्हणतात, तो. लाथ नव्हतीच, नुसता किहाप. कोपऱ्यावरच्या टिफिन सेंटरचा माणूस हातात झारा घेऊन बाहेर आला, "क्या हुआ अम्मा?" म्हणून ओरडला, आणि मनगट सुटलं. तो माणूस पळाला. सगळा प्रकार फार तर दहा सेकंदांचा.

दुसऱ्या दिवशी आत्याचा सोलापूरहून फोन. आईने तिला सांगितलं होतं. "एवढे पैसे भरून शिकलीस, आणि एक लाथ नाही मारता आली?"

आत्या प्रेमळ आहे, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते वाक्य मनगटापेक्षा जास्त दिवस दुखलं. मी दोन महिने क्लासला गेले नाही. पट्टा कपाटात खालच्या कप्प्यात टाकून दिला. शेवटी सरांचाच फोन आला. मी सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले आणि आपल्या हैदराबादी थाटात म्हणाले, "मैं तुमको मैच सिखाया मा, ये नहीं सिखाया."

सरांच्या या एका वाक्याने मला जेवढं समजावलं तेवढं कुणी समजावलं नव्हतं. तायक्वांदो म्हणजे पाय, मूठ आणि मार्ग. हे नाव १९५५ साली ठरलं, ते सुचवणारे चोई होंग ही हे दक्षिण कोरियाच्या सैन्यातले जनरल. म्हणजे विद्येचं एक मूळ सैन्याच्या शिक्षणात आहे. भारतात ती १९७५ साली जिमी जगतियानी यांनी बंगळूरात आणली. पण आपली मुलं आज जे शिकतात त्याचा बराचसा भाग ऑलिंपिकच्या वळणाचा आहे. १९८८ च्या सोलमध्ये तायक्वांदो प्रदर्शनीय खेळ म्हणून आला आणि २००० च्या सिडनीपासून त्याला पदकं मिळू लागली.

आता या खेळाचे नियम बघा. चेहऱ्यावर ठोसा मारायचा नाही. कमरेखाली मारायचं नाही. धरायचं नाही, ढकलत राहायचं नाही, पडलेल्याला मारायचं नाही. केलंत तर दंड. छातीच्या चिलखतावर ठोसा बसला तर एक गुण, लाथ बसली तर दोन, डोक्याला लाथ लागली तर तीन, आणि गिरकी घेऊन मारलीत तर आणखी जास्त. साहजिकच सगळं शिक्षण उंच लाथांकडे झुकतं. त्यात आता चिलखतात आणि मोज्यांत सेन्सर असतात, त्यामुळे पुढचा पाय उचलून नेमका टेकवणारा खेळाडू जिंकतो. हात तर बरेच जण खाली सोडूनच खेळतात, कारण तोंडावर ठोसा येणारच नसतो.

गल्लीत मात्र आधी मनगट धरलं जातं. किंवा केस, किंवा बॅग. समोरचा एका हाताच्या अंतरावर असतो, तिथे उंच लाथेला जागाच नसते. लिफ्टमध्ये तर विचारूच नका. पावसाळ्यात ओल्या फरशीवर, सँडल घालून, एका पायावर उभं राहून दुसरा पाय त्याच्या कानापर्यंत न्यायचा म्हणजे आपणच आडवं व्हायचं. माझ्या चार वर्षांत मनगट सोडवण्याचा सराव झाला होता, नाही असं नाही. त्याला 'होसिनसुल' म्हणतात, म्हणजे स्वसंरक्षणाचं तंत्र. पण तो पट्ट्याच्या परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात व्हायचा. समोरची मैत्रीण अलगद मनगट धरायची, मी अलगद सोडवायची, दोघी हसायचो, पुढचा नंबर.

मग काकूंना "होतो" का म्हटलं? कारण तेही खोटं नाही.

मला वाटतं, तायक्वांदोने मला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहिल्या सामन्यात पोटात बसलेली लाथ. हसू नका. आपल्याकडे मुली कशा वाढतात ते आठवा. "सांभाळून", "लागेल", "धावू नकोस", "हळू बोल". पंचविशीपर्यंत मला कुणी कधी मारलं नव्हतं, मी कुणाला मारलं नव्हतं. ती लाथ बसली तेव्हा श्वास अडकला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढच्या क्षणी लक्षात आलं की अजून आपण उभ्या आहोत. मार लागतो आणि माणूस तरीही उभं राहू शकतं, हे पुस्तकातून कळत नाही. तसंच ओरडण्याचं. पहिले तीन महिने माझा किहाप उंदराच्या चीत्कारासारखा होता. चारचौघांत मोठ्याने ओरडायची लाजच जात नव्हती. शेवटी ज्या एका गोष्टीने मला वाचवलं ती हीच, ज्यात मी वर्गात सगळ्यात कच्ची होते.

आपल्याच शहरातली २०२४ च्या मार्चमधली घटना तुम्हाला आठवत असेल. बेगमपेटच्या एका घरात भरदुपारी कुरिअर आल्याचा बहाणा करून दोघे जण घुसले. एकाच्या डोक्यावर हेल्मेट, हातात गावठी पिस्तूल. घरातल्या आईने आणि मुलीने त्याला अक्षरशः ढकलत, झोंबत बाहेर काढलं. सीसीटीव्हीची ती चित्रफीत आपल्या सगळ्यांच्या फोनवर फिरली. आईने तायक्वांदोचं शिक्षण घेतलेलं होतं, असं तेव्हा बातम्यांत आलं. पोलिसांनी दोघींचा सत्कार केला.

मी ती चित्रफीत बऱ्याच वेळा पाहिली, क्लासच्या डोळ्यांनी पाहिली. त्यात गिरकीची लाथ नाही. फळी तोडतानाची ऐटही नाही. आहे ती झोंबाझोंबी, ओढाताण. सामन्यात दंड होईल असंच सगळं. पण बंदूक दिसल्यावरही दोघी गोठल्या नाहीत, जवळ गेल्या. प्रत्येकीने तसं करावं असं मी मुळीच म्हणत नाही. हत्यार असेल तर पैसे-दागिने देऊन टाका, असंच आमचे सर सांगतात. त्या दोघींच्या धाडसाला नमस्कार करूनही मी हेच म्हणेन.

त्या बातमीतली दुसरी एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. घुसलेले लोक पूर्वी त्याच घरी साफसफाईच्या कामाला आले होते. म्हणजे तोंडओळख होती. आपण मुलींना क्लासला घालतो ते अंधाऱ्या गल्लीतल्या परक्या माणसाच्या भीतीने. माझा अनुभवही तसाच, पण तो अपवाद. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मित्र, ऑफिसमधला. त्याच्यासमोर मुलीचा पाय उचलत नाही तो ताकद नसते म्हणून नव्हे. "काका काय म्हणतील", "माझाच गैरसमज असेल तर" म्हणून.

याबद्दल कॅनडातला एक अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथल्या तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या जवळपास ९०० मुलींवर तो झाला आणि २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. निम्म्या मुलींना नुसती माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना १२ तासांचं प्रशिक्षण. वर्षभरात पहिल्या गटात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के होतं, दुसऱ्या गटात ५.२. बारा तासांत कसली लाथ येणार? हातापायांचा प्रतिकार त्यात होता, पण थोडाच. बाकीचा वेळ धोका ओळखणं, समोरचा ओळखीचा असला तरी तो धोका आहे हे स्वतःशी कबूल करणं, आणि तोंडावर "नाही" म्हणणं याला दिला होता. माझ्या चार वर्षांच्या क्लासात यातला एक तासही झाला नव्हता!

तेव्हा काकू, नातीला जरूर घाला. पण आधी क्लासात जाऊन अर्धा तास बसा. मुली एकमेकींना खरोखर धरतात का, नेहमीच्या कपड्यांत सराव होतो का, ओरडायला लावतात का, ते बघा. नडगीवर खालून मारायची लाथ, तळहाताने नाकाखाली मारायचा फटका आणि मग पळायचं, हे शिकवतात का ते विचारा. सरांनी "आमच्याकडे फक्त स्पर्धेची तयारी होते" असं सांगितलं तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. स्पर्धाही चांगलीच. फक्त त्या पदकाच्या भरवशावर नातीला रात्री एकटीला सोडू नका. आणि घरात "पलटून मारलंस तर तूच अडकशील" असं कुणी म्हणालं, तर सांगा की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला आहे. गरजेपुरतंच मारायचं आणि निघायचं, एवढी त्याची मर्यादा. शी टीम्स आपल्याकडे २०१४ पासून आहेत, ११२ हा नंबर आहे. दोन्ही नातीला माहीत असू द्या.

आणि एवढं करूनही कधी ती गोठून उभी राहिली, तर कृपा करून "मग शिकलीस कशाला" असं विचारू नका. अचानक धोका आला की शरीर लढतं, पळतं किंवा गोठतं, आणि यातलं काय होणार ते आपल्याला विचारून ठरत नाही.

आमच्या क्लासात आता शनिवारचा शेवटचा अर्धा तास वेगळा असतो. त्या दिवशी आम्ही ऑफिसच्या कपड्यांत येतो, बॅगेसकट. सर एकेकीला मागून घट्ट धरायला लावतात. लाज, हसू, सगळं आता संपलंय. काळ्या पट्ट्याची परीक्षा अजून व्हायची आहे, गुडघा कुरकुरतोय.

मागच्या दिवाळीत आत्या आली होती. मी पोळ्या लाटत होते, ती शेजारी कणीक मळत होती. एकदम म्हणाली, "ते मनगट सोडवायचं काय असतं गं, दाखव." मी तिचं मनगट घट्ट धरलं आणि सांगितलं, "माझा अंगठा कुठे आहे ते बघ. पकड तिथेच कच्ची असते, कारण बाकीची चार बोटं एका बाजूला आणि अंगठा एकटा. त्या फटीकडे मनगट वळव, कोपर स्वतःच्या पोटाशी आण आणि झटका दे. आणि आधी ओरड."

आत्या ओरडली नाही, लाजली. पण झटका असा दिला की माझ्या हातातलं लाटणं ओट्याखाली गेलं. साठीतली बाई, कणकेच्या हाताने तशीच उभी.

"परत धर," म्हणाली.