हजेरीपटावर नाव नाही, म्हणून मरण मोजायचं नाही?



दर १४ एप्रिलला आपल्या चौकात निळे झेंडे लागतात, मिरवणूक निघते आणि कुठल्या तरी कोपऱ्यावर फायर ब्रिगेडची लाल गाडी उभी असते. त्या गाडीवरच्या जवानांचाही तो दिवस असतो, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही होती. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक स्फोटात मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात आणि पुढचा आठवडा अग्निशमन सप्ताह असतो. त्या वेळी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते.

त्या ६६ जणांना माझा मनापासून सलाम. पण त्याच स्फोटात गोदी कामगार, हमाल, आसपासच्या वस्त्यांतली माणसं किती मेली? कुठे आठशे लिहिलेलं सापडतं, कुठे तेराशे. अग्निशामकांचा आकडा एकावर एक पक्का, कारण त्यांची नावं हजेरीपटावर होती. बाकीच्यांचा आकडा पाचशेने इकडेतिकडे होतो, कारण त्यांची हजेरी कुणी लावतच नव्हतं. स्फोट होताच पहिल्या काही मिनिटांत शेजारच्याला ढिगाऱ्यातून ओढून काढणारे हात याच लोकांचे असणार. ते हात कुठल्या स्मारकावर आहेत?

आज हा प्रश्न काढण्याचं कारण आमच्या वस्तीतले एक काका. फायर ब्रिगेडमधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली. पण वस्तीत गॅसचा भडका उडाला, मीटरच्या पेटीतून धूर निघाला की पोरं आधी त्यांच्या दारावर थाप मारतात. बंब अरुंद गल्लीत शिरेपर्यंत काका ओलं पोतं घेऊन आत गेलेले असतात. मी एकदा म्हटलं, "काका, आता वय झालं तुमचं. कशाला आत जाता?" ते म्हणाले, "बाळा, आग समोर असली की पाय थांबत नाहीत. पण एक सांगतो. नोकरीत असताना मेलो असतो तर तिरंग्यात नेलं असतं. आता मेलो तर पंचनाम्यात 'घटनास्थळी हजर असलेला इसम' एवढंच लिहितील."

काकांनी जे एका वाक्यात सांगितलं, त्यावर जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरात वाद झालेला आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळले. तिथल्या अग्निशमन दलाचे ३४३ जण मेले. ३४३ हा आकडा त्या शहराला तोंडपाठ आहे. पण ती यादी सेवेत असलेल्यांची. त्याच मनोऱ्यांत त्या दिवशी दलातून निवृत्त झालेली माणसंही होती. निवृत्तीनंतर ती इमारतीच्या अग्निसुरक्षेचं काम करत होती आणि लोकांना बाहेर काढता काढता मेली. यांचंही मरण कर्तव्यावरचं मरण माना, अशी मागणी त्यांच्या घरच्यांना करावी लागली. धूर तोच, जिना तोच, शिक्षणही त्याच दलाने दिलेलं. फरक एवढाच की महिन्याचा पगार आता वेगळ्या खात्यातून येत होता.

ग्लेन विनुक यांचं उदाहरण घ्या. पेशाने वकील, गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक राहिलेले. स्वतःच्या कार्यालयातली माणसं बाहेर काढायला मदत केली आणि मग मनोऱ्याकडे धावले. कर्तव्यावर मरणाऱ्यांच्या वारसांना आर्थिक मदत देणारा अमेरिकेत १९७६ पासूनचा केंद्रीय कायदा आहे. विनुक यांच्या कुटुंबाचा दावा आधी नाकारला गेला. का, तर मरताना ते 'सक्रिय' सभासद नव्हते. घरचे लढत राहिले तेव्हा कुठे काही वर्षांनी तो निर्णय फिरला.

आणि सलमान हमदानी. पाकिस्तानी वंशाचा, मुसलमान, २३ वर्षांचा तरुण. रुग्णवाहिकेवर काम केलेला, पोलिस दलात कॅडेट राहिलेला. त्या सकाळी कामावर जायला निघाला तो परतलाच नाही. आधी काय झालं? त्याच्यावर संशय घेतला गेला. हा बेपत्ता आहे की लपून बसलाय, अशी चर्चा छापून आली. पुढे ढिगाऱ्यात त्याचे अवशेष सापडले. अमेरिकेच्या 'पॅट्रियट अॅक्ट' या कायद्याच्या मजकुरात तर त्याआधीच त्याचं नाव शूर म्हणून आलेलं होतं. तरीही २०११ मध्ये स्मारक खुलं झालं तेव्हा त्याचं नाव बचावकर्त्यांच्या रांगेत नव्हतं. ते दूर, एस-६६ क्रमांकाच्या पट्टीवर. त्याची आई त्यासाठी वर्षानुवर्षं भांडत राहिली. साथींनो, मेल्यावर आधी संशय आणि मग कोपऱ्यातली जागा, हा क्रम आपल्याला ओळखीचा नाही का?

आता न्यूयॉर्कहून आपल्या घरी या. १ नोव्हेंबर २०१८, कल्याण पूर्व. एका विहिरीत साफसफाईसाठी उतरलेला माणूस वर आला नाही. त्याला काढायला माणसं उतरली, तीही वर आली नाहीत. मग अग्निशमन दल आलं आणि त्यातले दोन जवानही गेले. एकूण पाच मृत्यू. विहिरीतल्या विषारी वायूने पाचांमध्ये भेद केला नाही. भेद नंतर होतो, कागदावर. जवान मेला तर त्याला 'कर्तव्य बजावताना वीरमरण' असा शब्द आहे, त्यामागे नियम आहे, मानवंदना आहे. जवानाच्या आधी त्याच कामासाठी, तोच धोका पत्करून उतरलेल्या बिनवर्दीच्या माणसासाठी कुठला शब्द आहे? सरकारी दप्तरात तो 'गुदमरून मृत्यू'. बातमीत तो 'अन्य दोघे'.

आपल्या देशातल्या गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. पहिला उतरतो तो ठेकेदाराच्या सांगण्यावरून. दुसरा आणि तिसरा उतरतो तो पहिल्याला वाचवायला. हा दुसरा कोण असतो? भाऊ, मेहुणा, त्याच वस्तीतला मित्र. मास्क नाही, दोर नाही, वायू मोजायचं यंत्र नाही. आपल्या माणसाला वाचवायला दुसरं कुणी येणार नाही, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो उतरतो. अग्निशामकाला यासाठी प्रशिक्षण मिळतं, सामान मिळतं, पगार मिळतो. याला काहीच मिळत नाही आणि तरी तो उतरतो. मग जास्त शौर्य कुणाचं, हे मोजत बसायचं नाही. पण निदान दोघांना एका ओळीत उभं तरी करा.

माझा एक अनुभव सांगतो. अशाच एका मृत्यूनंतर मी मृताच्या बायकोला घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. मेजामागच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "हा कामावर होता का?" आम्ही म्हटलं, नाही, आत पडलेल्याला काढायला गेला होता. साहेब म्हणाले, "मग त्याला कुणी सांगितलं होतं उतरायला?" त्या माउलीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. माणूस मरत असताना त्याला वाचवायला कुणाची ऑर्डर लागते, हे समाजशास्त्राच्या एम.ए.त मला कुणी शिकवलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो? हाताने मैला साफ करण्याची प्रथा बंद करणारा कायदा २०१३ चा. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम ३० लाख झाली. हा संघर्षाने मिळवलेला हक्क आहे. पण अंमलबजावणी करणारा बाबू 'सफाई कामगार' या शब्दावर बोट ठेवतो आणि वाचवायला उतरलेला माणूस त्या बोटाखालून निसटतो. ठेकेदार म्हणतो, मी याला लावलंच नव्हतं. पोलिस म्हणतात, स्वतःच्या निष्काळजीपणाने मेला. बचाव करणारा माणूस असा कुणाचाच राहत नाही.

आता आक्षेपांना उत्तर देऊ.

पहिला आक्षेप नियमवाल्यांचा. निवृत्त माणूस, ठेक्यावरचा माणूस, शेजारचा माणूस सेवेत नाही, मग त्याला मान्यता कशी द्यायची? माझं उत्तर साधं आहे. मान्यता कृतीला द्या, नोकरीला नको. आणि नियम आकाशातून पडत नाहीत. न्यूयॉर्कच्या त्या ३४३ मध्ये अग्निशमन दलाचे धर्मगुरू फादर मायकल जज होते. त्यांना ना बायको, ना मुलं, त्यामुळे जुन्या कायद्यात त्यांचा वारस बसत नव्हता. तेव्हा २००२ मध्ये त्यांच्याच नावाने कायदा बदलला गेला. दलांच्या धर्मगुरूंना त्यात घेतलं आणि बायको-मुलं नसलेल्याच्या नेमलेल्या वारसाचा हक्कही मानला. सत्तेला एखाद्याचं मरण मोजायचं असेल तर नियम एका वर्षात वाकतो. मोजायचं नसेल तर तोच नियम दगडी भिंत होतो.

दुसरा आक्षेप आपल्याच छावणीतला आहे आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. काही साथी म्हणतात, "गटारात उतरणंच बंद झालं पाहिजे. तुम्ही मेलेल्याला शहीद म्हणून या व्यवस्थेला हार घालायला आयती संधी देताय." हा धोका खरा आहे. पदक देऊन गुन्हा झाकायचा असेल तर ते पदक मीही परत फेकीन. पण विचार करा. 'हा माणूस दुसऱ्याला वाचवताना मेला' असं सरकारने लिहून दिलं, की त्याच कागदावर पुढचा प्रश्न उभा राहतो. वाचवायची यंत्रणा कुठे होती? दोर, मास्क, प्रशिक्षित पथक का नव्हतं? पहिल्या माणसाला आत कुणी उतरवलं? बचावकर्त्याची नोंद ही ठेकेदाराविरुद्धची साक्ष आहे. निष्काळजीपणाचा शिक्का पुसल्याशिवाय ती साक्ष उभी राहत नाही.

तिसरा आक्षेप, मेल्यावर नाव कोरून काय मिळणार? हे दुसऱ्या कुणी विचारावं, आपण नाही. दर १ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो. का जातो? त्या स्तंभावर नावं कोरलेली आहेत म्हणून. 'नाक' या प्रत्ययावरून त्यातली २२ नावं महार सैनिकांची आहेत, हे ओळखता येतं. नावं दगडावर नसती तर १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं कशासाठी उभे राहिले असते? पुढे इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा आपल्या लोकांनी केलेल्या सेवेची आठवण देत अर्ज लिहायला पुढे आले ते गोपाळबाबा वलंगकर. ते स्वतः लष्करातून निवृत्त झालेले होते. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट भारतमंत्र्यांपर्यंत नेली. निवृत्त माणसाने उठून 'आमची सेवा मोजा' म्हणणं ही आपल्या चळवळीची जुनी परंपरा आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट ठेवू.

एक. प्रत्येक महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीने बचावकार्यात मेलेल्यांची नोंदवही ठेवावी. त्यात सेवेतला, निवृत्त, ठेक्यावरचा आणि सामान्य नागरिक असा भेद नसावा.

दोन. गटार आणि टाकीतल्या मृत्यूंच्या ३० लाखांच्या भरपाईत वाचवायला उतरलेल्याचाही समावेश आहे, असा स्पष्ट शासन निर्णय काढावा.

तीन. ठेक्यावरच्या आणि निवृत्त अग्निशामकाचं बचावातलं मरण सेवेतल्या जवानाच्या मरणाइतकंच मानावं. अग्निशमन दिनाला त्यांचंही नाव वाचलं जावं.

चार. दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची जीवन रक्षा पदकं आहेत. सर्वोत्तम, उत्तम आणि जीवन रक्षा पदक असे तीन स्तर, मरणोत्तरही मिळतात. पण शिफारस राज्याकडून जावी लागते आणि तीही मुदतीत. आपल्या जिल्ह्यातून गटारात वाचवायला उतरलेल्या किती जणांची शिफारस गेली, हा माहितीच्या अधिकारातला अर्ज या महिन्यात आपण टाकायचा.

आणि तरुण साथींनो, एक काम तुमचं. असा मृत्यू झाला की पहिल्याच दिवशी पंचनाम्याजवळ उभे राहा. कोण कशासाठी उतरला, हे साक्षीदाराकडून लिहून घ्या. 'वाचवण्यासाठी उतरला' हे शब्द पहिल्या कागदावर आले नाहीत, तर पुढची दहा वर्षं भांडूनही ते येत नाहीत. एफआयआर आणि शवविच्छेदन अहवालाची प्रत घरच्यांच्या हातात पडल्याशिवाय हलू नका.

येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीच्या कोपऱ्यावर ती लाल गाडी दिसली, की तिच्यावरच्या जवानांना जयभीम घाला. त्या ६६ जणांची आठवण त्यांच्यासोबत काढा. आणि त्याच ठिकाणी, त्याच आवाजात, आपल्या वस्तीतल्या त्या माणसाचंही नाव घ्या जो दोराशिवाय उतरला आणि वर आला नाही. आमच्या काकांना मी सांगून ठेवलंय, तुम्ही अजून पुष्कळ जगायचं आहे. पण कधी काही झालंच, तर पंचनाम्यात 'इसम' लिहू देणार नाही.

जयभीम! जय संविधान!